समुद्र आणि आपण



वर्ध्याच्या बाईने समुद्रावर बोलावे, याचे तुम्हांला हसू येईल. पण आपली किती मुले मुंबईला आहेत! कारखान्यांच्या नि मोटारींच्या धुराने पृथ्वी तापते, बर्फ वितळते, पाणी तापून फुगते आणि समुद्र चढतो. त्या धुरात जुना, मोठा वाटा श्रीमंत देशांचा.

हॉलंडात १९५३ साली समुद्र आत शिरला. १,८३६ माणसे दगावली. पैसा होता, म्हणून त्यांनी बांध घातले, पाण्याला दरवाजे बसविले. १९९७ पर्यंत ते काम चालले. माणसे आपापल्या घरी राहिली.

ओडिशातील सातभायाला असा बांध कोण घालणार? तेथली बहुतेक गावे समुद्रात गेली. अखेर २०१८ साली ५७१ कुटुंबांना बागपतियाला नेले. तेथील पंचुबाराही देवीची पूजा बायकाच करतात, पुरुषाने मूर्तीला शिवायचे नाही अशी रीत. पण मूर्ती फार जड. हलविताना पुरुषांचे हात लावावेच लागले. त्या पुजारणींना काय वाटले असेल!

उद्या मुंबईतल्या किनाऱ्यावरच्या झोपडीत पाणी शिरले, तर आपला माणूस गाडीत बसून वर्ध्यालाच उतरेल. त्याच्याबरोबर शेजारीही येतील. त्यांना खोली कोण देईल, हे आपण आजच एकमेकींत बोलून ठेवावे, असे मला वाटते.