लग्न कोणाचं, ते आधी सांगा



पत्रिकेत माझा विषय 'अमेरिकेतील आंतरवंशीय विवाह आणि जनमत' असा छापला आहे. म्हणजे आज आकडेच आकडे, अशा तयारीनं आपण आला असाल. आकडे देणार आहेच. पण मला बोलायचं आहे ते आकड्यांमागच्या प्रश्नाबद्दल. गॅलप या संस्थेनं १९५८ साली अमेरिकन नागरिकांना पहिल्यांदा विचारलं, की गोऱ्यांची आणि 'रंगीत' लोकांची लग्नं तुम्हाला मान्य आहेत का? शंभरात चार जण 'हो' म्हणाले. २०२१ साली 'हो' म्हणणारे चौऱ्याण्णव होते. मधल्या काळात प्रश्नातले शब्द बदलले, 'रंगीत' गेलं, 'गोरेतर' आलं, मग सरळ 'काळे आणि गोरे' असं विचारू लागले. तरी ही चढण खरी आहे, ती मी नाकारत नाही. माझा आग्रह एवढाच, की लग्न कोणाचं हे न सांगता संमती विचारली, तर उत्तर देणाऱ्याच्या पदरचं काही जात नाही. दुसऱ्याच्या मांडवात अक्षता टाकायला कोणाला जड जातंय? (हशा)

गुलामगिरी, यादवी युद्ध, त्यानंतरचे दक्षिणेतले विभक्ततेचे कायदे, हे सगळं या सभागृहाला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो. पण १९५८ या सालापाशी मात्र थांबलं पाहिजे. ज्या वर्षी गॅलपनं हा प्रश्न विचारला, त्याच वर्षी जून महिन्यात रिचर्ड लव्हिंग नावाचा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड जेटर ही काळी तरुणी वॉशिंग्टनला जाऊन लग्न करून आली. वॉशिंग्टनला जावं लागलं, कारण त्यांच्या व्हर्जिनिया राज्यात असं लग्न हा गुन्हा होता. महिनाभरानं, जुलैत, मध्यरात्र उलटल्यावर शेरीफ आपली माणसं घेऊन थेट त्यांच्या निजायच्या खोलीत शिरला. ही बाई तुझी कोण, असं त्यानं विचारलं. मिल्ड्रेडनं भिंतीवर लावलेल्या विवाहाच्या दाखल्याकडे बोट दाखवलं. तो इथं चालत नाही, असं उत्तर मिळालं. जानेवारी १९५९ मध्ये शिक्षा झाली: एक वर्ष कैद, पण दोघांनी राज्य सोडलं आणि पंचवीस वर्षं जोडीनं परत पाऊल ठेवलं नाही तर माफ. ती दोघं वॉशिंग्टनमध्ये राहू लागली. शहर त्यांना मानवेना. १९६३ साली मिल्ड्रेडनं ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं, त्यांनी नागरी हक्कांचं काम करणाऱ्या संस्थेकडे बोट दाखवलं, दोन तरुण वकील मिळाले, आणि १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी व्हर्जिनियाचा कायदा रद्द ठरवला. असे कायदे तेव्हा सोळा राज्यांत होते. सगळे एका दिवसात निकामी झाले. आता आकडा पाहा. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, गॅलपला संमती देणारे वीस टक्के आणि विरोध करणारे त्र्याहत्तर टक्के मिळाले. गोऱ्यांपुरतं बोलायचं तर संमती अवघी सतरा टक्के. संमती विरोधाच्या वर गेली ती १९९१ साली: अठ्ठेचाळीस विरुद्ध बेचाळीस. न्यायालय जनमताची वाट पाहत बसलं असतं तर चोवीस वर्षं गेली असती, म्हणजे त्या जोडप्याला सांगितलेल्या हद्दपारीपेक्षा एकच वर्ष कमी. आणि रिचर्ड लव्हिंग तर १९७५ सालीच मोटार अपघातात गेला. या कथेनं ठरवल्यापेक्षा जास्त वेळ खाल्ला, याची मला कल्पना आहे.

तर आता आकड्यांमागच्या त्या प्रश्नाकडे. मेलेल्या कायद्याचं कलेवर काही राज्यघटनांमध्ये तसंच पडून होतं. अलाबामाच्या १९०१ च्या घटनेत, गोरा आणि निग्रो यांच्या विवाहाला मान्यता देणारा कायदा विधिमंडळानं कधीही करू नये, असं कलम होतं. ते काढून टाकायचं की नाही, यावर नोव्हेंबर २००० मध्ये मतदान झालं. कलम गेलं, पण ते राहावं म्हणणारे सुमारे चाळीस टक्के निघाले, पाच लाखांहून जास्त मतदार. हे कलम तेहेतीस वर्षं निर्जीव होतं. ते ठेवून कोणाचं लग्न अडणार नव्हतं, काढून कोणाचं नव्यानं जमणार नव्हतं. तेव्हा हे मतदान म्हणजे एक जनमत चाचणीच होती. फरक इतकाच, की समोर प्रश्न विचारणारा माणूस नव्हता आणि पडदा ओढलेला होता. तुम्ही म्हणाल, अलाबामा म्हणजे अख्खी अमेरिका नव्हे. बरोबर आहे. १९९७ मध्ये देशभरातली संमती चौसष्ट टक्के होती आणि दक्षिण नेहमीच मागं होती, त्यामुळे ही दोन माणसं शेजारी उभी करून उंची मोजू नये. पण काही लाख प्रौढ माणसं त्या पडद्याआड जाऊन निव्वळ नापसंती नोंदवण्यासाठी मत देतात, हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

पडद्याआड काय असतं ते पाहण्याची एक युक्ती संशोधकांनी काढली, ती मला फार आवडते. १९९१ च्या एका पाहणीत लोकांचे दोन गट केले. पहिल्या गटाला तीन गोष्टी वाचून दाखवल्या: सरकारनं पेट्रोलवरचा कर वाढवणं, खेळाडूंना लाखो डॉलर मिळणं, बड्या कंपन्यांनी प्रदूषण करणं. यांतल्या कोणत्या गोष्टींचा राग येतो ते सांगू नका, किती गोष्टींचा येतो तेवढं सांगा. दुसऱ्या गटाला त्याच तीन आणि चौथी: काळं कुटुंब शेजारी राहायला येणं. आता कोणी 'तीन' म्हणालं तर त्यात चौथी होती की नाही, हे विचारणाऱ्याला कळायला मार्ग नाही, आणि उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक आहे. पण दोन गटांच्या सरासरीतला फरक बोलतो. दक्षिणेतल्या गोऱ्यांत पहिल्या गटाची सरासरी १.९५ आली, दुसऱ्याची २.३७. म्हणजे शंभरातल्या बेचाळिसांना नुसत्या शेजाराचाही राग होता. दक्षिणेबाहेर असा फरक जवळजवळ नव्हताच. शेजाराची ही कथा, तर सोयरिकीची काय असेल!

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे दोन शब्दच वेगळे आहेत. एमरी बोगार्डस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९२५ च्या सुमारास सामाजिक अंतराची सात पायऱ्यांची मोजपट्टी बनवली. खाली 'माझ्या देशातही नको', वर चढत जात देशाचा नागरिक, व्यवसायबंधू, शेजारी, क्लबातला मित्र आणि सर्वांत वरची पायरी लग्नानं जडलेलं नातं. म्हणजे बेटीव्यवहारच. गंमत अशी, की गुनार म्युर्डाल या स्वीडिश अभ्यासकाला १९४४ च्या आपल्या ग्रंथात असं आढळलं, की दक्षिणेतला गोरा माणूस ज्या बंधनाला सर्वांत जास्त जपतो ते मिश्रविवाहाचं, आणि काळ्या माणसाच्या मागण्यांच्या यादीत तेच सर्वांत शेवटी. त्याला आधी नोकरी, जमीन, न्याय हवा होता. न मागितलेल्या मुलीवर पहारा चालला होता. (हशा)

आता माझ्याच आग्रहाच्या विरुद्ध जाणारा पुरावा. 'जवळच्या नातेवाइकानं काळ्या व्यक्तीशी लग्न केलं तर?' असाही प्रश्न अमेरिकेत विचारला गेला. प्यू संशोधन केंद्राच्या विश्लेषणानुसार १९९० मध्ये काळे नसलेल्यांपैकी त्रेसष्ट टक्के विरोधात होते. २०१६ मध्ये चौदा टक्के. घरातलं लग्न म्हटल्यावरही विरोध एवढा ओसरला, हे मला मान्य करावं लागतं. पण तुलना नीट करा. १९९१ साली 'कोणाचं तरी' लग्न म्हटल्यावर विरोध बेचाळीस टक्के. त्याच सुमाराला घरातलं लग्न म्हटल्यावर त्रेसष्ट. प्रश्न विचारलेले लोक थोडे वेगळे आहेत, दुसऱ्या आकड्यात काळे लोक नाहीत, हे सोडून देत नाही. तरी अंतर उरतंच. प्रत्यक्ष लग्नं मोजायची म्हटली, तर नवविवाहितांतलं मिश्रविवाहांचं प्रमाण १९६७ मध्ये तीन टक्के आणि २०१५ मध्ये सतरा टक्के होतं. सतरा ऐकून हुरळून जाऊ नका. त्या जोडप्यांत सर्वांत मोठा वाटा गोरे आणि हिस्पॅनिक यांचा, बेचाळीस टक्के. काळे आणि गोरे यांची जोडपी अकरा टक्के. गॅलप विचारतं काळ्या-गोऱ्यांबद्दल, आणि वर्तमानपत्रं चौऱ्याण्णवच्या शेजारी सतरा छापतात. याचा अर्थ उरलेले ढोंगी, असाही काढू नये. लग्न जमायला आधी भेट व्हावी लागते, आणि ज्या शहरांत वस्त्या वेगळ्या, शाळा वेगळ्या, तिथे मनात काही नसलं तरी भेट होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक लाजेपोटी 'हो' म्हणत असतील तर म्हणू द्या, लाज वाटू लागली हेही थोडं नाही. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. १९५८ मध्ये 'नाही' म्हणायला कोणी कचरत नव्हतं. आज कचरतात, आणि ज्या घरात बापाला चारचौघांत 'नाही' म्हणवत नाही तिथल्या मुलीचं काम थोडं सोपं होतं. शिवाय १९५८ ची माणसं बहुतेक आज हयातच नाहीत. २०११ मध्ये तिशीच्या आतल्यांत संमती सत्त्याण्णव टक्के होती, पासष्टी ओलांडलेल्यांत सहासष्ट. माझं एवढंच म्हणणं, की चौऱ्याण्णव हा लाजेचा आकडा आहे, तो त्याच नावानं वाचावा. सोयरिकीचा आकडा म्हणून वाचू नये.

घड्याळाकडे बोट झालं आहे, आणि 'आपल्याकडचं काय?' ही चिठ्ठीही वर आली आहे. पाच मिनिटांत उरकतो. कोणी म्हणेल, वंश वेगळा, जात वेगळी. असेलही, पण प्रश्न एकच विचारला गेला आहे. अमेरिकेच्या जनरल सोशल सर्व्हेत १९७२ पासून विचारत, की काळ्या-गोऱ्यांच्या विवाहावर कायद्यानं बंदी असावी का. २००२ नंतर तो प्रश्न पाहणीतून गेला. आपल्याकडच्या मराठी वधू-वर जाहिरातींत अजून छापतात, 'आंतरजातीय चालेल', आणि पुढं कंसात 'एससी, एसटी क्षमस्व'. म्हणजे मान्यता आणि सोयरीक यांतलं अंतर एका ओळीत. पण तिथं निदान 'क्षमस्व' तरी आहे. २०१६ च्या सुमारास आपल्या देशात एक फोन-पाहणी झाली. उच्च आणि खालच्या मानलेल्या जातींतली लग्नं थांबवणारा कायदा असावा का, असं लोकांना विचारलं. दिल्लीत सुमारे चाळीस टक्के आणि ग्रामीण राजस्थान व उत्तर प्रदेशात सुमारे साठ टक्के लोकांनी, फोनवरच्या अनोळखी माणसाला, 'असावा' असं सांगितलं.