तोगित्सुपासून निशिझाकापर्यंत
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी गतकाळाचा हिशेब मांडण्याची रीत आहे, आणि ती योग्यच होय. मंदिराची घंटा कोणी दिली, शाळेची भिंत कोणाच्या श्रमदानातून उभी राहिली, हे आजच्या इतर वक्त्यांनी सांगितलेच आहे. आम्हांवर मात्र चालकांनी निराळे काम सोपविले आहे. गेल्या फेब्रुवारी महिन्यात आपल्या धर्मग्रामातील आम्ही आठ जणांनी जपान देशात एक दिवस जी पदयात्रा केली, तिचा वृत्तांत आपणांस सांगावयाचा आहे.

इतक्या दूर जाण्याचे कारण आपल्या घरातलेच आहे. संत गोन्सालो गार्सिया हे ह्या वसईच्या मातीत जन्मले. पिता पोर्तुगीज, माता ह्याच प्रांतातली. तरुणपणी ते येसुसंघीय मिशनरींबरोबर जपानास गेले, तेथील भाषा शिकले, पुढे काही काळ व्यापार केला आणि अखेर फिलिपाईन्समध्ये फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. ते धर्मगुरू नव्हते, पंडितही नव्हते. १५९३ साली फ्रान्सिस्कनांचे शिष्टमंडळ जपानच्या हिदेयोशीकडे गेले, तेव्हा त्यांचे काम होते दुभाष्याचे. दुसऱ्याचे म्हणणे प्रामाणिकपणे पोहोचविणे, हीच त्यांची सेवा.

१५९६ च्या अखेरीस हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतो आणि ओसाका येथे धरलेल्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला, त्यांना गाड्यांतून शहराशहरांत मिरविण्यात आले, आणि नंतर भर हिवाळ्यात सुमारे आठशे किलोमीटर दूर नागासाकीकडे नेण्यात आले. ही वाट मुद्दामच लांब ठेविली होती. लोकांनी पाहावे आणि धसका घ्यावा, हा त्यातील हेतू. त्या कैद्यांत लुई इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा मुलगा होता. चौदा वर्षांचा तोमास कोझाकी आपल्या पित्यासह चालत होता. त्याने वाटेत आईला पत्र लिहून धाकट्या भावांना सांभाळण्याची विनंती केली. ते पत्र पुढे त्याच्या पित्याच्या मृतदेहावर रक्ताने माखलेले सापडले.

येथे एक गोष्ट ध्यानी धरावी. निघाले ते चोवीस, आणि क्रुसावर गेले ते सव्वीस. वाढलेले दोघे कोण? कैद्यांची वाटेत सेवाशुश्रूषा करावी म्हणून मागोमाग आलेले दोन जपानी ख्रिस्ती! शिक्षेच्या यादीत त्यांची नावे नव्हती. परंतु पहारेकऱ्यांनी त्यांनाही धरले, आणि त्यांनी सोबत सोडली नाही.

ह्या वाटेचा शेवटचा टप्पा आम्ही चाललो. ओमुराच्या उपसागरातून कैद्यांना होड्यांत बसवून तोगित्सु बंदराशी आणले होते. बांधलेल्या अवस्थेत त्यांनी ती रात्र होड्यांतच काढली. ५ फेब्रुवारी १५९७ च्या सकाळी ते किनाऱ्याला लागले, आणि तेथून निशिझाका टेकडीपर्यंत पायी चालले. हे अंतर बारा-तेरा किलोमीटर भरते. आमच्यात सत्तरी ओलांडलेल्या दोन भगिनी होत्या, आणि जागोजाग थांबून प्रार्थना करावयाची होती. म्हणून आम्ही सारा दिवस हाती ठेविला.

तेथे फेब्रुवारीत सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. आम्ही बंदरावरील स्मारकशिळेपाशी उभे राहिलो तेव्हा पाणी शिसवी रंगाचे दिसत होते, आणि वसईच्या माणसाला न सोसणारी थंडी होती. जपमाळेची दुःखाची रहस्ये आरंभून आम्ही पाऊल उचलले. तोगित्सु गावातच डोंगराच्या कडेवर एक प्रचंड दगड दुसऱ्यावर असा टेकलेला आहे की आता पडेल, मग पडेल असे वाटावे. बांगडे घेऊन नागासाकीच्या बाजारास निघालेला एक मासळीवाला, दगड पडू दे मग खालून जाऊ, म्हणून वाट पाहात बसला आणि त्याची मासळी कुजून गेली, अशी तेथील दंतकथा आहे. आमच्यातील एका कोळी भगिनीने ती ऐकून म्हटले, “आमच्याकडची बाई असती तर दगडाकडे न पाहता बाजार गाठला असता.” सारे हसले, आणि पावले हलकी झाली. त्या हुतात्म्यांनीही वाटेत स्तोत्रे गायिली होती, हे त्या वेळी आम्हांस आठवले.

आता एक गोष्ट सांगतो, ती संबंधितांच्या अनुमतीने. आमच्या आठांत दोघे असे होते की एकाच आळीतले, शाळेत एकाच बाकावर बसलेले. परंतु दोन वाड्यांमधील बांधावरून त्यांच्यात अकरा वर्षे शब्दाची देवाणघेवाण नव्हती. यात्रेत नावे दोघांनीही दिली, दुसऱ्याचे नाव ठाऊक नसताना. पहिले दोन तास एक सर्वांत पुढे आणि दुसरा सर्वांत मागे चालत होता. शहर जवळ आले तसा मागच्याचा गुडघा धरला. आकासाको येथून ट्राम मिळते. त्याने ट्रामने निशिझाकाजवळ जाऊन थांबावे, असे आम्ही सुचविले. तो मान्यही करीत होता. इतक्यात पुढचा परत आला, आपली काठी त्याच्या हाती दिली आणि म्हणाला, “अरे, तू गाडीने गेलास तर मी कुणाच्या पुढे चालू? चल, हळूच जाऊ.” त्यानंतर ते दोघे सर्वांच्या मागे राहिले. ते काय बोलले, हे आम्ही विचारले नाही.

उराकामीत आम्ही बराच वेळ थांबलो. त्या काळी तेथे संत लाजरसाच्या नावाने कुष्ठरोग्यांचे रुग्णालय होते. तेथे कैद्यांना थोडा विसावा मिळाला, आणि येसुसंघातील दोघांनी तेथेच आपली व्रते घेतली. ह्याच उराकामीच्या भाविकांनी अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून गुप्तपणे श्रद्धा जपली, आणि १८६५ साली ओउरा येथील नव्या मंदिरात येऊन ती फ्रेंच धर्मगुरूंपाशी प्रकट केली. ह्याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला. तेथील सुमारे बारा हजार भाविकांपैकी साडेआठ हजार मृत्यू पावले. मंदिर कोसळले, परंतु ढिगाऱ्यातून एक घंटा अभंग निघाली, आणि त्याच वर्षीच्या नाताळात ती पुन्हा वाजविण्यात आली. १९५९ साली मंदिर नव्याने उभे राहिले. ढासळलेल्या मनोऱ्याचा घुमट आजही उतारावर पडलेला आहे. त्यासमोर आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द निघेना.

दुपार कलल्यावर आम्ही निशिझाकाची चढण चढलो. तेथे लांबलचक भिंतीवर सव्वीस हुतात्म्यांच्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत. हे स्मारक १९६२ साली, त्यांच्या संतपदाच्या शताब्दीस, शिल्पकार फुनाकोशी ह्यांनी घडविले. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ साली आणि पोप फ्रान्सिस २०१९ साली येथे प्रार्थना करून गेले. आम्ही त्या ओळीत आपल्या गोन्सालोंना शोधले, आणि वसईहून आणलेली मेणबत्ती त्यांच्यासमोर लाविली. मग मराठीत ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना म्हटली. क्रुसावरून पॉल मिकी ह्यांनी आपणांस मारणाऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले होते. त्याच जागी ‘जशी आम्ही क्षमा करतो’ ही ओळ आली तेव्हा मागून दोन स्वर एकदम दाटून आले. कोणाचे, हे सांगावयास नको.

बंधुभगिनींनो, बांधाचा वाद त्या दिवशी मिटला, असे आम्ही म्हणणार नाही. तो अद्याप मिटलेला नाही. परंतु परतल्यावर त्या दोघांनी मिळून सरकारी मोजणीसाठी एकच अर्ज दिला आहे, आणि मोजणीदार येईल त्या दिवशी दोघे एकत्रच बांधावर उभे राहणार आहेत. आमच्या यात्रेचे फळ म्हणून आम्ही एवढेच आपल्यापुढे ठेवतो.

धर्मग्राम म्हणजे केवळ मंदिराच्या भिंती नव्हेत. एका वाटेने चालणाऱ्यांची ती सोबत आहे. कोणी पुढे धावतो, कोणाचा गुडघा धरतो, कोणी मागे राहून रडतो. पन्नास वर्षांत आपण किती बांधले, हे ह्या सभेने ऐकले. पुढील काळात आपल्यापैकी कोणास ‘तू ट्रामने जा’ म्हटले जाते आणि कोणासाठी आपण परत वळतो, ह्याचाही हिशेब ठेविला जावो. यादीत नाव नसताना केवळ सेवेसाठी मागे आलेले ते दोघे आज सव्वीस संतांत गणले जातात. त्यांच्या आणि आपल्या संत गोन्सालोंच्या मध्यस्थीने ही सोबत न सोडण्याचे बळ प्रभू आपणांस देवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो. आमेन.