पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९



तुमच्यात पेणची मुलं आहेत, तशी रोह्याहून आलेलीही आहेत. पत्त्याच्या शेवटी तुम्ही पिनकोड लिहिता. पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९. फरक फक्त दोनचा! मधल्या ४०२१०८ ला सहाने पूर्ण भाग जातो. आता गंमत बघा. तीनपेक्षा मोठी कुठलीही मूळ संख्या सहाच्या पटीला लागूनच असते, एक मागे किंवा एक पुढे. म्हणजे आपले दोन्ही पिनकोड नेमके मोक्याच्या जागी आहेत. दोन्ही मूळ निघाले, तर जोडमूळ संख्या मिळाल्या!

मी वही घेऊन बसलो. ४०२१०७ चं वर्गमूळ ६३४ च्या जरासं पुढे. संख्येचे दोन अवयव पडले, तर त्यातला लहान अवयव वर्गमुळाच्या वर जाऊच शकत नाही. म्हणून ६३४ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागलं की पुरे. त्या आहेत ११५. सातने भागलं, बाकी ६. १०७ ने भागलं, बाकी १, थोडक्यात हुकलं. २५१ ने, बाकी ५. शेवटी ६३१, बाकी १६०. पेण मूळ संख्या आहे!

रोह्याचा निकाल मात्र लवकर लागला. २३ ने भाग गेला, १७४८३ वेळा. जोडी जमली नाही. पण हे १७४८३ मूळ आहे का? ते मी सांगणार नाही. १३१ पर्यंतच भागायचं आहे, रोहेकरांनी या रविवारी बसावं.

जोडमूळ संख्यांच्या जोड्या कधी संपतात की अनंत आहेत, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. इतका साधा प्रश्न, पाचवीतल्या मुलाला कळणारा!

सहा अंकांना ११५ भागाकार पुरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या, म्हणजे २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा, ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. तिथे भागाकार करत बसणं अशक्यच. तशा रूपाच्या संख्यांसाठी वेगळी कसोटी आहे. पण कोणतीही संख्या दिली, तर ती मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि आटोक्यातल्या पायऱ्यांत सांगणारी रीत २००२ साली आपल्या देशात, आयआयटी कानपूरमध्ये सापडली. ती रीत संख्या फुटते एवढं सांगते, अवयव हातात देत नाही. मोठ्या संख्येचे अवयव काढणं आजही महाकठीण आहे, आणि १९७७ ची आरएसए ही गुप्तलेखनाची पद्धत त्याच अडचणीवर उभी आहे.

मूळ संख्या ओळखण्याची ती रीत शोधणारे कानपूरचे तिघे म्हणजे प्राध्यापक मणिंद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना. हे दोघे विद्यार्थी तेव्हा नुकतेच बी.टेक. झाले होते. इथल्या बारावीच्या मुलांपेक्षा जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठे.