बॅगेतले कपडे आणि न सांगितलेला पगार

(छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, तरुणांच्या एका बैठकीत केलेलं भाषण)



मला ‘परदेशातली कमाई आणि काटकसर’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. माझे अब्बा जुन्या शहरात टेलर होते. मी स्वतः 1996 ते 2005 अशी नऊ वर्षं शारजात एका कपड्यांच्या कारखान्यात चेकिंगला होतो. कपडा कसा आहे आणि त्याची खरी किंमत काय, एवढं मला कळतं. गंमत म्हणजे मी फसलो तोही कपड्यातच. तेच तुम्हाला सांगणार आहे, कारण इथे बसलेल्यांपैकी काही जण उद्या दुबईला, रियाधला किंवा आणखी कुठे जातील.

आधी हे सांगतो की शारजात कपड्यांचे कारखाने कसे आले. तिथे ना कापूस पिकतो, ना शिवणारे हात तिथले. 1974 पासून मल्टी-फायबर करार होता. अमेरिका आणि युरोप कुठल्या देशाकडून किती कपडा घेणार याचा कोटा ठरलेला असायचा. ज्या देशाचा कोटा भरला, तिथल्या व्यापाऱ्याने दुसऱ्या देशात कारखाना काढायचा. असे कारखाने अमिरातीतही निघाले. शिवणारे भारत, श्रीलंका, बांगलादेशातले आणि कपडे जायचे अमेरिकेला. 1 जानेवारी 2005 ला कोटा पद्धत संपली आणि या कारखान्यांचं तिथे असण्याचं कारणही संपलं. आमचा त्याच वर्षी बंद झाला आणि मी घरी आलो.

माझं काम होतं दोष शोधणं. दोन हजार शर्टांचा लॉट असेल तर त्यातून 125 शर्ट काढायचे आणि एकेक तपासायचा. मोठा दोष असलेले सात शर्ट निघाले तरी लॉट पास. आठवा निघाला की अख्खा लॉट परत. शिवण ओढून बघायची, उजेडासमोर धरून कापड बघायचं, एका इंचात टाके किती ते मोजायचे. एकाच टेबलावरून, एकाच कापडाचे शर्ट दोन वेगळ्या लेबलांखाली जाताना मी पाहिले आहेत. दुकानात त्यांच्या किमतीत दुपटीचा फरक असायचा. तेव्हापासून लेबलाचा रुबाब माझ्या मनातून उतरला.

आणि हे सगळं तपासताना माझ्या स्वतःच्या अंगात काय असायचं? रोला भागातल्या फुटपाथवरून घेतलेला दहा दिरहमचा पॉलिएस्टरचा शर्ट.

परदेशात गेलेल्या प्रत्येक माणसाला एक रोग जडतो, गुणाकाराचा. 1996 ला एका दिरहमला साडेनऊ-दहा रुपये मिळत, 2002 पर्यंत तेरा झाले. दुकानात चांगला सुती शर्ट 35 दिरहमला दिसला की मी मनात गुणायचो आणि हात मागे घ्यायचो. एवढ्यात घरी आठवड्याचा किराणा येईल! मग दहावाला घ्यायचो. तो तीन महिन्यांत काखेत उसवायचा, त्यावर गोळे यायचे. दोन वर्षांत आठ शर्ट, म्हणजे 80 दिरहम. सुती शर्ट दोन वर्षं सहज टिकला असता, 35 मध्ये. शिवाय 45 अंशांच्या उन्हात पॉलिएस्टर घातल्यामुळे पाठभर घामोळ्या, त्यांचं मलम वेगळं. दिवसभर दुसऱ्यांचा हिशोब तपासणाऱ्या मला स्वतःचा एवढा साधा हिशोब नऊ वर्षं जमला नाही. किंमत बघताना ती किती वेळा घालणार याने भागायची असते. मी फक्त गुणत राहिलो.

पण हे नुकसान माझ्यापुरतं होतं. खरं नुकसान पुढे आहे.

दर दोन वर्षांनी सुट्टी मिळायची. सुट्टीच्या तीन महिने आधीपासून यादी सुरू. अम्मीसाठी जपानी कापड, मामूंसाठी अत्तर, बहिणींसाठी चमकीचे सूट, शेजारच्या खालांसाठी काहीतरी, आणि ते जाड कोरियन ब्लँकेट, ज्याच्याशिवाय गल्फवाला घरी आला असं कुणी मानतच नसे. मोहल्ल्यात रिक्षा थांबली की मुलं आधी बॅगा मोजायची. घरात बॅग उघडताना वीस माणसं. एकदा माझ्या लहान भावाने टी-शर्टाच्या आतलं लेबल वाचलं, ‘मेड इन इंडिया’. सगळे हसले, मीही हसलो. तिरुपूरसारख्या गावातून निघालेला टी-शर्ट समुद्र ओलांडून गेला आणि माझ्या बॅगेत बसून परत आला, मधलं भाडं आणि दोन दुकानदारांचा नफा माझ्या खिशातून.

2000 सालच्या सुट्टीत मी त्या बॅगांवर 2,200 दिरहम घातले. तेव्हाच्या भावाने 26 हजार रुपये. माझा पगार होता 1,100 दिरहम. म्हणजे दोन महिन्यांची कमाई मी कपड्यांत आणि ब्लँकेटांत गुंडाळून आणली. त्याच वर्षी माझ्या धाकट्या बहिणीला डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता. फी, बस आणि पुस्तकं धरून वर्षाचे 20 हजार. अब्बांनी मला बाजूला घेऊन विचारलं, जमेल का? मी म्हणालो, “यंदा हात तंग आहे, पुढच्या वर्षी बघू.” खोटं नव्हतं. हात तंगच होता, कारण बॅगा भरल्या होत्या.

पुढचं वर्ष आलं नाही. तिचं लग्न ठरलं. लग्नाआधीच्या ईदला तिने मी आणलेला चमकीचा सूट घातला होता. फोटो अजून आहे.

2005 ला कायमचा परत आल्यावर एकदा बोलता बोलता मी तिला सांगून टाकलं. पगार किती होता, आठ जणांची एक खोली कशी होती, दोन शर्ट धुऊन धुऊन कसे घालायचो. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “भाई, पहलेइच बोल देते तो हम वो बॅग नक्को बोलते थे ना.”

मित्रांनो, एवढंच सांगायला मी आलो आहे. मी तिकडे काटकसर करत होतो, पण ती घरापासून लपवत होतो. घरच्यांना दिसत होती ती बॅग. बॅग बघून त्यांनी खर्च ठरवला, नातेवाइकांनी अपेक्षा ठरवल्या, मोहल्ल्याने माझी ऐपत ठरवली. त्यांची चूक नव्हती. त्यांना खरा आकडा कुणी सांगितलाच नव्हता. एक जण अंगावरचं कापड वाचवतो आणि बाकीच्यांना ते माहीत नसतं, तेव्हा वाचलेलं सगळं दुसऱ्या दाराने निघून जातं. काटकसर एकट्याची होत नाही, घराची व्हावी लागते.

आपल्या दीनमध्ये उधळपट्टी जशी नापसंत आहे तशीच कंजूषीही. खर्चाचा मधला रस्ता सांगितला आहे. माझ्याकडे दोन्ही दोष एकाच वेळी होते. स्वतःच्या अंगाशी कंजूषी आणि लोकांच्या नजरेसाठी उधळपट्टी.

हा मधला रस्ता आपल्या शहराने कापडात विणून दाखवला आहे. तुमच्यातल्या काहींनी जफर गेटच्या बाजूला हिमरूचा माग पाहिला असेल. किमख्वाब म्हणजे रेशीम आणि जरीचं कापड, ते बादशहा आणि अमीर-उमरावांना परवडायचं. इथल्या विणकरांनी उभा धागा सुताचा आणि आडवा रेशमाचा घेऊन तशीच नक्षी उठवली. तोच हिमरू. मशरूची गोष्ट तर आणखी आपली आहे. पुरुषांना निव्वळ रेशीम मना, म्हणून रेशीम बाहेरच्या बाजूला आणि सूत अंगाच्या बाजूला. नावाचा अर्थच ‘शरीयतला मंजूर’. शोभा आहे, खर्च आटोक्यात आहे आणि अंगाला लागतं ते सूत. आमच्या बॅगेत नेमकं उलटं होतं. बाहेर चमक, आणि अंगाला लागणारं सगळ्यात स्वस्त.

आता तुमच्यासाठी चार कामाच्या गोष्टी.

पहिली. बाहेर गेलात तर पहिल्या पगाराची स्लिप घरी पाठवा. खोलीचं भाडं, जेवण, फोन, सगळं लिहून. लाज वाटेल, तरी पाठवा. आणि घरी राहणाऱ्यांनो, भाईला काय आणणार हे विचारण्याआधी, तू काय घालतोस, काय खातोस हे विचारा.

दुसरी. ‘तिकडे कपडे स्वस्त’ हा जुना समज सोडा. अमिरातीत 2018 पासून 5 टक्के व्हॅट आहे, सौदीत जुलै 2020 पासून 15 टक्के. आपल्याकडे 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावर गेलात तर 18. जे पैठण गेटला किंवा शहागंजला मिळतं, ते विमानाने आणू नका.

तिसरी. अंगाला लागतं आणि रोज लागतं त्यावर कंजूषी नको. बनियन, मोजे, बूट, कामाचा शर्ट. घेताना शिवण दोन्ही हातांनी ओढा, फट दिसली तर ठेवून द्या. कडेचा एक धागा काढून जाळून बघा. सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गाठ होते.

चौथी माझ्या अब्बांची. ते मुलांचे कपडे शिवताना आतून दोन बोटं माया सोडायचे. पोरगं वाढलं की शिवण उसवून तोच कुर्ता आणखी दोन ईद चालायचा. कारखान्याच्या शर्टात अर्ध्या इंचाचीही माया नसते. तिथे कापड वाचवतात ते मालकासाठी. अब्बा जास्तीचं कापड आत ठेवायचे, बाहेरून कुणाला दिसायचं नाही, पण ते वाढत्या मुलासाठी असायचं.

तुमच्या घरात कुणी बाहेर असेल तर आज रात्री त्यांना फोन करा. या वेळी यादी सांगू नका. एवढंच म्हणा, या सुट्टीला बॅग हलकी आणा, आणि धाकटीची फी आधी भरू.

माझी बहीण आता तिच्या मुलीची फी स्वतः शिवणकाम करून भरते. पोरगी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुआ करा.