ओलसर परसात जास्वंद आणि तिची देशी भावंडे
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आंबा, काजू आणि भातावर आज बरेच बोलून झाले आहे. मी तुमच्या घरामागच्या परसाविषयी बोलणार आहे. मोरीचे आणि न्हाणीचे पाणी जिथे मुरते, पावसाळ्यात जिथे पाय रुततो आणि जिथे "इथे काही येत नाही" असे म्हणून आपण नारळाच्या झावळ्या टाकतो, ती ही जागा. अशा जागेत जास्वंद कुळातील झाडांचा चांगला उपयोग होतो. मात्र कोणते झाड कुठे लावायचे हे आधी समजून घेतले पाहिजे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी कोकणातील एका भगिनीने ओलसर परसात जास्वंद लावण्याविषयी सल्ला विचारला. मी पुस्तकाप्रमाणे दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे घ्यायला सांगितले. त्यांनी वीस खड्डे घेतले, शेणखत भरले आणि जूनमध्ये रोपे लावली. ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा निम्म्याहून अधिक रोपे माना टाकून उभी होती. खाली जांभ्याचा कातळ होता. खड्डा म्हणजे पाण्याचा हौद झाला होता आणि मुळे कुजली होती. गणपतीला फुले विकून चार पैसे मिळतील, हा त्यांचा हिशेब त्या वर्षी बुडाला. सल्ला माझा होता आणि नुकसान त्यांचे झाले. तेव्हापासून मी कोणालाही जागा पाहिल्याशिवाय खड्डा घ्या असे सांगत नाही.

जागेची परीक्षा

जास्वंदीला ओल आवडते, पण साचलेले पाणी सोसत नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. म्हणून लागवडीपूर्वी एक साधी परीक्षा करा. पावसाने उघडीप दिली की एक ते दीड फूट खोल खड्डा घ्या आणि संध्याकाळी पाण्याने भरा. सकाळी तो रिकामा झाला असेल तर जागा जास्वंदीला योग्य आहे. थोडे पाणी उरले असेल तर उंचवटा करून लागवड करा. खड्डा भरलेलाच राहिला, तर तिथे जास्वंद लावू नका. त्या जागेसाठी दुसरे झाड आहे, ते पुढे सांगतो.

लागवड

ओलसर जागेत खड्ड्याऐवजी उंचवट्यावर लागवड करावी. तीन फूट रुंद आणि एक ते सव्वा फूट उंच मातीचा ढीग करावा. त्यात आठ ते दहा किलो चांगले कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. दोन ढिगांत पाच फूट अंतर ठेवावे आणि वरच्या बाजूने एक फूट खोल चर काढून पाणी बाहेर काढून द्यावे.

अभिवृद्धी छाट कलमाने करावी. पेन्सिलीच्या जाडीची, सहा ते आठ इंच लांबीची आणि तीन-चार डोळ्यांची काडी घ्यावी. कोकणात जून-जुलैच्या दमट हवेत पिशवीत काड्या चांगल्या मुळे धरतात. ही रोपे लगेच परसात नेऊ नका. पावसाचा मुख्य जोर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर लावा. म्हणजे मुसळधार पावसात कोवळी मुळे सापडत नाहीत आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत झाड सावरते. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा. माडाच्या दाट सावलीत झाड वाढते, पण फुले कमी येतात.

झाड सुकले म्हणून पाणी घालू नका

ही चूक फार ठिकाणी होते. माती ओली असताना झाडाने मान टाकली आणि खालची पाने पिवळी पडली, तर ती पाण्याची टंचाई नसून मूळकूज असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी पाणी किंवा युरिया देणे म्हणजे झाडाला मारणे. आधी चर मोकळा करा आणि बुंध्याजवळचे आच्छादन दूर सारा. आच्छादन नेहमी बुंध्यापासून वीतभर लांब ठेवावे.

छाटणी व तोडणी

जास्वंदीला फुले नवीन फुटीवर येतात. म्हणून मे महिन्यात हलकी छाटणी करून वाळलेल्या व आत वळलेल्या फांद्या काढाव्यात. जाड फांदी कापल्यास जखमेवर बोर्डो मलम लावावे. त्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी हे प्रमाण ठेवावे. फूल एकच दिवस टिकते. त्यामुळे विक्रीसाठी टपोऱ्या कळ्या आदल्या संध्याकाळी तोडून ओल्या फडक्यात ठेवाव्यात, त्या सकाळी उमलतात.

पिठ्या ढेकूण

या झाडाचा मोठा शत्रू पिठ्या ढेकूण होय. शेंड्यावर कापसासारखा पांढरा थर दिसतो आणि पाने चुरडतात. मुंग्या त्याचे रक्षण करतात, म्हणून मुंग्यांची वारुळे आधी काढावीत. कीडग्रस्त शेंडे तोडून जाळावेत, ढिगावर टाकू नयेत. क्रिप्टोलिमस हा परभक्षी भुंगेरा भारतात १८९८ मध्ये आणला गेला. तो पिठ्या ढेकूण खातो. त्याची अळीही पांढरी, कापसासारखी दिसते, पण ती मोठी असते व भराभर चालते. तिला कीड समजून मारू नका. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी बुरशीची फवारणी किंवा पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो. फुले देवाला वाहिली जातात, चहा-काढ्यातही वापरली जातात. तोडणीच्या काळात विषारी औषधे फवारू नयेत.

पाणी साचते तिथे काय लावावे?

खाडीकाठच्या, खाजणाच्या कडेच्या जागेत जास्वंद टिकणार नाही. तिथे तिचाच भाऊबंद बेलपाटा लावावा. हा आपल्या किनाऱ्याचा मूळ रहिवासी आहे, त्याला पाणी साचणे व खारेपणा दोन्ही सोसते. फूल सकाळी पिवळे उमलते, संध्याकाळपर्यंत नारिंगी-लाल होते आणि गळून पडते. सालीच्या वाखाचे दोर होतात. फांदी खोचली तरी मुळे धरते, त्यामुळे बांधाची माती धरून ठेवायला तो बरा. मात्र फांद्या जमिनीकडे वाकून जाळी होते, म्हणून घर व विहिरीपासून दूर लावावा. पुष्कळ जण त्याला भेंड समजतात. भेंडीचे फळ उकलत नाही, बेलपाट्याचे पाच भागांत उकलते, ही खूण लक्षात ठेवा.

उंचवट्याच्या मोकळ्या जागेत पावसाळ्यात कस्तुरी भेंडीही लावता येईल. तिच्या बियांना कस्तुरीसारखा वास असतो. पण खरेदीदार आधी पक्का करा, मगच क्षेत्र वाढवा. चार झाडे हौसेखातर लावायला हरकत नाही.

बांधावरची रानभेंडी दिसेल तिथे उपटून टाकू नका. भेंडीवरील केवड्या रोगाला तोंड देणारी 'परभणी क्रांती' ही जात रानभेंडीच्या एका जातीशी संकर करूनच तयार झाली. आज आपण जे तण म्हणून फेकतो, त्यातच उद्याच्या वाणाचे बीज असू शकते. मात्र भेंडीच्या पिकाला लागून ती ठेवू नये, कारण पांढऱ्या माशीला तिथे आसरा मिळतो.

बंधू-भगिनींनो, हे सगळे विसरलात तरी एक गोष्ट विसरू नका. रोप आणण्याआधी एक खड्डा घ्या, पाणी भरा आणि सकाळी जाऊन बघा. त्या भगिनींनी पुढच्या वर्षी ढीग करून पुन्हा रोपे लावली आणि ती जगली. मला ही परीक्षा त्यांच्याच परसाने शिकवली. तुमच्यावर ती किंमत देऊन शिकण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि थांबतो.