पिकअपचं जुनं कूलंट घरी बदलताना



मे महिन्यात हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून निघालेली पिकअप आंबा घाट चढायला लागते, तेव्हा तिच्या इंजिनाची खरी परीक्षा असते. मागे पूर्ण भार, पुढे चढ, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग कमी म्हणून रेडिएटरला समोरून वारा नाही, आणि बाहेर उकाडा. त्या वेळी इंजिन वाचवतं ते रेडिएटरातलं कूलंट. पण आपण तेल वेळेवर बदलतो, टायरची हवा बघतो आणि कूलंटकडे मात्र तापमानाचा काटा वर चढेपर्यंत ढुंकून बघत नाही.

‘आपल्याकडे कुठं बर्फ पडतो? साधं पाणी घाला, चालतं,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला महागात पडतो. थंड मुलखात कूलंट पाणी गोठू देत नाही, हे खरं. आपल्याकडे त्याची दोन कामं वेगळी आहेत. पहिलं, पाण्याला लवकर उकळू न देणं. पाणी १०० अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. महाबळेश्वरच्या उंचीवर ते साधारण ९५ अंशांनाच उकळायला लागतं. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण समुद्रसपाटीला साधारण १०७ अंशांपर्यंत टिकतं. त्यात रेडिएटरचं झाकण प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखं आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे ही मर्यादा १२५ अंशांच्याही पुढे जाते. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो या दाबाचा. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर नवं कूलंट घालूनही गाडी तापेल. तेव्हा झाकणही बघून घ्या.

दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा. इतके वेगवेगळे धातू एकाच पाण्यात राहिले की गंज आणि झीज ठरलेली. ती रोखणारी रसायनं कूलंटमध्ये असतात आणि ती वापरात हळूहळू संपतात. ग्लायकॉल उष्णतेनं जुनं होतं तसं आंबट, म्हणजे आम्लधर्मी होत जातं. म्हणून टाकी भरलेली दिसली तरी आतलं कूलंट कामाचं उरलेलं नसतं. जुन्या पद्धतीचं कूलंट साधारण दोन वर्षं टिकतं, सेंद्रिय आम्लांवर आधारलेलं नवं पाच वर्षांपर्यंत. तुमच्या गाडीला कोणतं, हे गाडीच्या पुस्तिकेत असतं. रंगावरून ठरवू नका. हिरवा, लाल, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीनं देतात. दोन प्रकार एकत्र झाले तर गाळ धरू शकतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी रात्रभर उभी असावी, इंजिन पूर्ण गार. गरम इंजिनाचं झाकण उघडलं की आतला दाब एकदम जातो, पाणी तत्क्षणी उकळतं आणि तोंडावर उसळतं. यात चेहरे भाजतात, डोळे जातात. ही घाई कधीही करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तारही काढून ठेवा, कारण काही गाड्यांचा पंखा चावी बंद असतानाही फिरतो.

रेडिएटरच्या तळाशी एक छोटी तोटी असते. हल्ली ती प्लॅस्टिकची असते आणि जोर लावला तर मोडते. हातानं फिरली नाही तर तिच्या नादी न लागता खालचा होज पाइप सोडवा. खाली रुंद घमेलं ठेवा, हातमोजे घाला आणि काय बाहेर येतंय ते नीट पाहा. स्वच्छ, रंगीत द्रव आला तर गाडी निरोगी आहे. तांबूस, गढूळ आलं तर आत गंज आहे. वर तेलाचा तवंग दिसला, किंवा डिपस्टिकवर तेल दुधाळ झालेलं दिसलं, तर तिथंच थांबा. ते बहुधा हेड गॅस्केटचं दुखणं असतं आणि त्याला मेकॅनिकच हवा. हातासरशी होज पाइपही दाबून बघा. तडे गेलेला किंवा फुगलेला पाइप आजच बदला.

जुनं सगळं निघालं की तोटी बंद करून किंवा पाइप परत बसवून, आत स्वच्छ पाणी भरून, बॅटरीची तार जोडून इंजिन थोडं चालवायचं आणि पुन्हा गार झाल्यावर ते पाणी काढायचं. गढूळपणा जाईपर्यंत हेच. धुवायलासुद्धा बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या अनेक गावांत ते जड असतं, त्यातल्या क्षारांचे थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात.

नवं भरताना बहुतेकांचं गणित चुकतं. तोटी उघडली तरी ब्लॉकमध्ये काही पाणी राहतंच. त्यावर निम्मं-निम्मं मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. पुस्तिकेत एकूण आठ लिटर लिहिलं असेल तर आधी चार लिटर शुद्ध कूलंट घाला, मग बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी घालून भरा. नुसतं शुद्ध कूलंट भरणं हीसुद्धा चूक आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणीच ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. घेताना डब्यावर आय.एस. ५७५९ हे मानक छापलेलं आहे का बघा.

शेवटी आतली हवा काढायची. गाडीचं तोंड थोडं चढावर, हीटर असेल तर पूर्ण गरमवर, झाकण उघडं आणि इंजिन गार असतानाच सुरू. बुडबुडे येत राहतील. साधारण ८२ अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, वरचा पाइप एकाएकी गरम लागतो आणि पातळी खाली बसते. तेवढी भरून झाकण लावा. दुसऱ्या दिवशी गार गाडीवर कूलंटच्या राखीव बाटलीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे पुन्हा पाहा.

आता काढलेलं जुनं कूलंट. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. अंगणात सांडलेलं कुत्रं चाटतं, गोठ्याजवळचं वासरू पितं. पोटात गेल्यावर शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं आणि मूत्रपिंडं निकामी होतात. तेव्हा ते गटारात, शेतात, विहिरीजवळ ओतू नका. सांडलेल्यावर माती टाका, ती भरून घ्या. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये ठेवून, वर ‘विष’ असं ठळक लिहून, जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजला विचारून तिथं द्या. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही भरू नका. घरात लहान मुलं असतात. चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता, कूलंटचा डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.