शिसे आणि मांस

घोड्यांच्या शर्यतीत ‘हँडिकॅप’ नावाची पद्धत आहे. सरस घोड्यावर अधिक वजन, दुबळ्या घोड्यावर कमी. जॉकी हलका असला तर खोगिराखालच्या कापडात शिशाच्या पट्ट्या घालून भर केली जाते. जड असला तर मात्र त्याचे मांसच उतरवावे लागते. हिशेब घोड्याचा, वजावट माणसाच्या देहातून!

इंग्लंडचा फ्रेड आर्चर १३ वेळा अव्वल जॉकी ठरला. उंच अंगाच्या या माणसाने रेचके, उपास आणि तुर्की स्नाने यांवर दिवस काढले. १८८६ च्या केंब्रिजशायर शर्यतीसाठी त्याने अन्न जवळजवळ वर्ज्य केले. तरी तो एक पौंड जादा भरला आणि डोकेभर अंतराने हरला. थोड्याच दिवसांत, विषमज्वराने ग्रासलेला असताना, त्याने स्वतःवर गोळी झाडली. वय अवघे २९. पत्नीवियोगाचे दुःख होतेच. परंतु खंगलेल्या देहाचे काय?

किमान वजन वाढविल्यास घोड्यांना त्रास होईल, असा आक्षेप घेतला जातो. वाढ सर्वांना सारखीच लागू झाली तर घोड्याघोड्यांतील तफावत बदलत नाही. आणि सकाळच्या सरावाला त्यांच्यावर याहून जड माणसे बसतातच.

ब्रिटनमध्ये मैदानांवरील घाम काढण्याच्या खोल्या २०२१ मध्ये कायमच्या बंद झाल्या. २०२२ मध्ये सपाट शर्यतींचे किमान वजन दोन पौंडांनी, म्हणजे किलोभरही नव्हे, वाढले. परंतु जॉकीला मोबदला मिळतो तो स्वारीगणिक. वजन उतरले नाही तर स्वारी दुसऱ्याची. ही व्यवस्था तशीच ठेवून खोल्यांना कुलूप लावले, तर घाम घरच्या न्हाणीघरात गाळला जाईल.